लाल खिडकीतले आकडे

ज्या घरात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा आल्बम असेल, त्या घरातल्यांनी तो या सुट्टीत एकदा खाली काढावा. काळ्या जाड पानांवर कोपऱ्यांत अडकवलेले चौकोनी फोटो दिसतील, तळहातावर सहज मावतील असे. त्यांतले बरेचसे मोठे केलेलेच नसतात. निगेटिव्ह कागदावर ठेवून थेट उतरवून घेतलेली असते. जेवढी निगेटिव्ह, तेवढाच फोटो. हा सव्वादोन इंची चौकोन आपल्या घरांत कसा आला, त्याची ही हकिगत आहे.

फोटोची कला आपल्याकडे तशी लवकर आली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. मूळच्या गोव्याच्या भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारिणीवर होते आणि स्वतः उत्तम फोटो काढत. लाला दीनदयाळ इंदूरच्या सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला असताना कॅमेऱ्याकडे वळले आणि पुढे निजामाच्या पदरी राजा दीनदयाळ झाले. पण हा सगळा काचेच्या तावदानांचा काळ. अवजड पेटी, तिकाटणे, डोक्यावर काळे कापड. सामान्य कुटुंबाला फोटो हवा असेल तर ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत जायचे आणि रंगवलेल्या पडद्यापुढे श्वास रोखून उभे राहायचे. घर, अंगण, गोठा यांना फोटोत जागा नव्हती.

ती जागा मिळवून दिली एका साध्या युक्तीने. १८९२ साली अमेरिकेत बोस्टनच्या सॅम्युएल टर्नर याने फिल्मच्या पाठीला काळा कागद जोडला, त्यावर आकडे छापले आणि कॅमेऱ्याच्या पाठीला लाल काचेची बारीक खिडकी ठेवली. आता रोल दिवसाउजेडी भरता येऊ लागला आणि कितवा फोटो चालू आहे हे बाहेरून वाचता येऊ लागले. ईस्टमनने तीन वर्षांनी ती कंपनीच विकत घेतली. १९०१ साली कोडॅकने ‘नंबर २ ब्राउनी’ हा पुठ्ठ्याचा खोका-कॅमेरा काढला, आणि त्याच्यासाठी जो रोल काढला त्याला क्रमांक दिला १२०. त्या सुमाराचे कितीतरी रोल आले आणि गेले. हा एक टिकला. ब्राउनीत त्यावर सहा बाय नऊ सेंटिमीटरचा फोटो येई, पुढच्या कॅमेऱ्यांनी त्याच पट्टीवर सहा बाय सहाचे बारा चौकोन बसवले. सिनेमाच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवरच्या फोटोपेक्षा हा चौकोन क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठा, आणि जुन्या काचेपेक्षा कितीतरी लहान. म्हणून याला मध्यम आकार म्हणायचे.

१९२९ साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके या कारखान्याने रोलायफ्लेक्स काढला. एकावर एक दोन भिंगे. वरच्यातून पाहायचे, खालच्यातून फोटो उमटायचा. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून बघायचे. लग्नातला फोटोग्राफर अशी मान खाली घालून उभा असलेला माझ्या पिढीने पाहिलेला आहे. त्याच्या काचेवर डावे-उजवे उलटे दिसे, त्यामुळे तो ‘इकडे सरका’ म्हणताना हमखास आधी चुकीच्या बाजूला हात करी. पुढे जपानी याशिका आला आणि आपल्याकडच्या लग्नांचा बराच भार त्याने उचलला.

पण घरात कॅमेरा यायला अजून एक अडचण होती. स्वातंत्र्यानंतर परकी चलनाची टंचाई होती, आयातीवर कडक बंधने होती. आमच्या सीमाभागात जुनी माणसे सांगत की १९६१ पर्यंत परदेशी घड्याळ किंवा कॅमेरा दिसला की तो गोव्याकडून आला असे गृहीत धरायचे. कसा आला ते विचारायचे नाही! ही अडचण दूर झाली ती वडोदऱ्यामुळे. तिथल्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात आग्फाचे कॅमेरे तयार होऊ लागले, आणि त्यांतला क्लिक-थ्री मध्यमवर्गीय घरांचा कॅमेरा झाला. काळा प्लॅस्टिकचा, साधे भिंग, अंतर जुळवण्याची भानगड नाही. ऊन असावे, माणूस हलू नये, एवढ्याच अटी. फिल्मसाठी उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला, १९६७ पासून त्याचे उत्पादन सुरू झाले, आणि ‘इंदू’ हे नाव घरोघरी पोचले. तो कारखाना आता बंद आहे.

माझा मामा वडोदऱ्याला नोकरीला होता. १९७६ च्या दसऱ्याला त्याने मला क्लिक-थ्री आणला. बरोबर एक रोल. मामाने बजावले होते, ‘खटका दाबलास की लगेच चावी फिरव, लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत.’ कारण या कॅमेऱ्यात तशी आठवण करून देणारे काही नव्हते. रोल पुढे सरकवला नाही तर दुसरा फोटो पहिल्यावरच उमटे. सकाळी मित्रांबरोबर येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो, फोटो काढले. दुपारी घरी आलो तर आजी अंगणात बसली होती. फोटो काढला की आयुष्य कमी होते असे ती म्हणे, आणि त्यामुळे तिचा एकही फोटो नव्हता. त्या दिवशी काय मनात आले कोण जाणे, पदर सारखा करून म्हणाली, ‘काढ बाबा एकदाचा.’ मी काढला. खटके मनातल्या मनात मोजत होतो; हा बारावा. रोल संपला म्हणून गुंडाळून टाकला.

गावातल्या एका स्टुडिओत धुवायला दिला. तिथे अंधाऱ्या खोलीत काम करणारे गृहस्थ कन्नड बोलणारे. मी रोज जाऊन विचारी, ते रोज ‘स्वल्प तडी’ म्हणत. चौथ्या दिवशी त्यांनी मला आत नेले, लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरच्या ताटलीत सोडला आणि त्यावर हळूहळू गडाचा दरवाजा उमटताना दाखवला. दरवाजाच्या अंधारात आजीचे लुगडे दिसत होते, बांगड्या दिसत होत्या. वर जिथे तिचा चेहरा असायला हवा तिथे गडावरचे आभाळ होते, पांढरेफटक. त्या गृहस्थांनी कपाळाला हात लावला नाही की हसले नाहीत. कागद हायपोत टाकला आणि म्हणाले, ‘चावी.’ एवढेच.

आजी पुढच्याच वर्षी गेली.

बारा या आकड्याने आपल्या घरांच्या इतिहासात पुष्कळ निवडानिवड केली आहे. लग्नाला तीन रोल म्हणजे छत्तीस फोटो. मुहूर्त, कन्यादान, सप्तपदी, वरमाई, व्याही, कुणी पुढारी आला असेल तर तो. दोन दिवस चुलीपाशी उभ्या असलेल्या बायका त्या छत्तिसांत क्वचितच येतात. आल्बम पाहून कुटुंबाची कल्पना करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

फोटोपेक्षा निगेटिव्ह अधिक बोलते. तिच्या कडेला फिल्मचे नाव आणि आकडे छापलेले असतात. ‘ऑर्वो’ असेल तर ती १९६४ नंतरचीच, कारण पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्याने हे नाव तेव्हा घेतले. इल्फर्डची ‘एचपी-४’ असेल तर १९६५ नंतरची, ‘एचपी-५’ असेल तर १९७६ नंतरची. ‘इंदू’ असेल तर १९६७ च्या आधीची नव्हे. पाठीमागे तारीख न लिहिलेल्या फोटोचा काळ ठरवायला याहून चांगला पुरावा घरात बसल्या मिळत नाही. पुन्हा आकड्यांवरून पट्टीतला कुठला तुकडा हरवला आहे तेही कळते.

पण निगेटिव्ह उरल्या किती? ऐंशीच्या दशकात पस्तीस मिलिमीटरचे कॅमेरे आणि रंगीत लॅब आल्या, तसे जुने स्टुडिओ मावळू लागले. आमच्या भागातला एक बंद झाला तेव्हा निगेटिव्हची पाकिटे पोत्यांत भरून भंगारात गेली. तीन-चार तालुक्यांतली लग्ने त्या पोत्यांत होती, मराठी आणि कानडी दोन्ही घरांची. मला कळले तेव्हा दुकान रिकामे होते.

हल्ली तरुण मुले पुन्हा हे कॅमेरे शोधू लागली आहेत. माझा पुतण्या त्यांतला एक. त्याला सांगितले तेच इथे सांगतो. नवे काही विकत घेण्याआधी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरव. कॅमेरा निघाला तर खटका चालतो का, भिंगावर बुरशी आहे का ते पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्याने पुष्कळ भिंगे खाल्ली आहेत. निगेटिव्ह निघाल्या तर कडेने धर, आंबूस वास येत असेल तर त्या वेगळ्या काढ, कारण तो फिल्म सडू लागल्याचा वास. बाकीच्या कागदी पाकिटांत कोरड्या जागी ठेव. १२० चा रोल आजही बनतो, मागवावा लागतो आणि स्वस्त नाही. तो सावलीत भर. कडक उन्हात, शंभर वेगाच्या फिल्मला, छिद्र सोळावर आणि शटर सव्वाशेवर ठेवले की मापकयंत्र नसले तरी चालते. लाल खिडकीवर थेट ऊन पडू देऊ नको. आजच्या फिल्मला लाल प्रकाशही लागतो.

त्याने माझी पेटी उतरवली तेव्हा दसऱ्याचा तो रोल सापडला. मी इतकी वर्षे फोटोच पाहत आलो होतो, निगेटिव्ह उजेडात धरून कधी पाहिली नव्हती. त्याने ती खिडकीशी धरली आणि कडेचे आकडे वाचू लागला. गड आणि आजी एकत्र आहेत ती चौकट अकरावी. बारावी कोरी. त्या दुपारी आजी अंगणात होती, ऊन होते, आणि रोलमध्ये एक फोटो शिल्लक होता.