ओबेरॉन, मर्ल

(१९ फेब्रुवारी १९११ – २३ नोव्हेंबर १९७९). ब्रिटिश चित्रपट-अभिनेत्री. जन्म मुंबईत. मूळ नाव एस्टेल मर्ल ओब्रायन टॉमसन. लाडाचे नाव क्वीनी. वडील आर्थर टॉमसन रेल्वेत अभियंता होते. पहिल्या महायुद्धात आघाडीवर असताना त्यांचे निधन झाले. शार्लट सेल्बी या सिलोनी वंशाच्या बाईंना मर्ल आई म्हणत असे. प्रत्यक्षात त्या तिच्या आजी होत्या आणि जिला ती थोरली बहीण समजत होती, ती कॉन्स्टन्स तिची जन्मदात्री. मर्ल झाली तेव्हा कॉन्स्टन्स स्वतःच कोवळ्या वयाची होती.

१९१७ मध्ये आजी-नात कोलकात्याला गेल्या. तिथल्या ला मार्टिनियर शाळेत मर्लला शिष्यवृत्ती मिळाली, पण संमिश्र वंशावरून मुली इतके टोचून बोलत, की तिने शाळा सोडली. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करता करता ती हौशी नाटकांतून कामे करू लागली आणि १९२०–३० या दशकाच्या अखेरीस युरोपात गेली. लंडनमध्ये कॅफे द पॅरीमध्ये नोकरी आणि चित्रपटांत किरकोळ कामे, असे काही काळ चालले.

हंगेरियन निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाने तिला पुढे आणले. द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ (१९३३) मध्ये ती ॲन बोलिन झाली. शिरच्छेदाच्या दिवशी आरशापुढे केस सावरणारी ही राणी पडद्यावर थोडाच वेळ दिसते, तरी लक्षात राहते. लेस्ली हॉवर्डबरोबरचा द स्कार्लेट पिंपर्नेल (१९३४) लोकप्रिय झाला. हॉलिवुडमधील द डार्क एंजल (१९३५) साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. अभिनयासाठी नामांकन मिळालेली ती पहिली आशियाई वंशाची कलावती. पण हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

कारण तिचा जन्म टास्मानियात झाला, असे प्रसिद्धिपत्रकांतून सांगितले जात होते. या लपवाछपवीला अप्रामाणिकपणा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने भारतीयांना स्थलांतराची बंदी होती, १९२३ च्या न्यायनिर्णयाने त्यांचे नागरिकत्वही नाकारले होते, आणि गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला चित्रपटांच्या आचारसंहितेची मनाई होती. खरे सांगितले असते तर नायिकेच्या भूमिका मिळाल्याच नसत्या. या खोट्याची झळ घरातही लागली. शार्लट लंडनमध्ये तिच्यासोबत राहत, पण पाहुण्यांना त्यांची ओळख मोलकरीण म्हणून करून दिली जाई. १९३७ मध्ये त्या वारल्या. पुढे मर्लने छायाचित्रावरून त्यांचे तैलचित्र काढून घेतले, तेही वर्ण उजळ करून.

१९३७ मध्येच मोटार अपघातात तिच्या चेहऱ्याला इजा झाली आणि कोर्डाचा आय, क्लॉडियस अर्धवट राहिला. विल्यम वायलर दिग्दर्शित वुदरिंग हाइट्स (१९३९) मधील कॅथी ही तिची सर्वांत गाजलेली भूमिका. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या हीथक्लिफपुढे ती फिकी पडते असे म्हटले जाते. परंतु श्रीमंती आणि प्रेम यांत फाटलेली कॅथी तिने फारसे हातवारे न करता, डोळ्यांतून उभी केली आहे, हे चित्रपट पुन्हा पाहताना जाणवते.

१९३९ मध्ये तिने कोर्डाशी विवाह केला; १९४२ मध्ये त्याला नाइट किताब मिळाल्यावर ती लेडी कोर्डा झाली. १९४५ मध्ये घटस्फोट घेऊन तिने छायालेखक ल्युसिअन बॅलार्डशी लग्न केले. द लॉजर (१९४४) च्या चित्रीकरणात त्याने कॅमेऱ्याच्या भिंगालगत एक छोटा दिवा बसवला होता. समोरून सरळ येणाऱ्या उजेडात चेहऱ्यावरचे व्रण पुसट होत आणि डोळ्यांत चमक येई. तिच्याच नावावरून हा दिवा ‘ओबी’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि छायालेखनाच्या व्यवसायात रुळला.

अ साँग टू रिमेंबर (१९४५) मधील जॉर्ज सँड आणि देझिरे (१९५४) मधील जोसेफिन या तिच्या नंतरच्या उल्लेखनीय भूमिका. १९५७ मध्ये उद्योगपती ब्रुनो पाल्याईशी विवाह करून ती मेक्सिकोत राहिली. दोन मुले दत्तक घेतली. इंटर्व्हल (१९७३) हा शेवटचा चित्रपट. त्यातील सहनायक रॉबर्ट वोल्डर्स याच्याशी १९७५ मध्ये तिचा चौथा विवाह झाला. १९७८ मध्ये टास्मानियातील होबार्ट शहराने तिचा सत्कार केला, तेव्हाही मुंबईचे नाव निघाले नाही. कॅलिफोर्नियातील मालिबू येथे पक्षाघाताने तिचे निधन झाले. चार्ल्स हायम आणि रॉय मोझली यांच्या प्रिन्सेस मर्ल (१९८३) या चरित्रातून तिचे मूळ सर्वांपुढे आले.