दोन पिस्तुले आणि एक तालीम

सिंगापूरमधील वडीलधाऱ्या मंडळींना पोलिसांच्या लाल गाड्या अजून आठवतात. होक्किएन बोलीत त्यांना 'आंग चिआ', म्हणजे लाल गाडी, असे म्हणत. दंगल उसळली की त्या गाडीतून राखीव पथक उतरत असे. हे पथक १९५२ साली उभारले गेले. सिंगापूरच्या दंगल-पथकास शिक्षण देण्यासाठी त्या दशकात जे जाणकार आले, त्यांत विल्यम फेअरबेर्न नावाचे एक वयोवृद्ध इंग्रज गृहस्थ होते. शस्त्रांचे शौकीन त्यांचे नाव आजही घेतात, ते मात्र निराळ्या कारणासाठी. दोन नामांकित पिस्तुलांपैकी कोणते पोलिसांच्या हाती द्यावे, हा प्रश्न त्यांच्या शांघायमधील कारकिर्दीशी निगडित आहे. त्या प्रश्नाचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

आपल्या समाजात पलटणीची परंपरा जुनी. सुभेदार, जमादार अशा हुद्द्यांवर निवृत्त झालेल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टी ऐकत आपल्या कित्येक घरांतील मुले मोठी झाली. आजही ज्यांची मुले-मुली सैन्यात भरती होतात, त्या मातापित्यांना शस्त्राचा विषय परका वाटणार नाही.

शांघाय शहराचा मोठा भाग त्या काळी आंतरराष्ट्रीय वसाहत म्हणून ओळखला जाई. तेथील कारभार परदेशी व्यापाऱ्यांचे वर्चस्व असलेल्या नगरपालिकेकडे होता. मुंबईकरांना परिचित असलेल्या ससून घराण्याचे भव्य हॉटेल तेथील नानकिंग रस्त्याच्या तोंडाशी १९२९ साली उभे राहिले. वैभव मोठे, तशी गुन्हेगारीही मोठी होती. अपहरण, दरोडे आणि अफूचा चोरटा व्यापार नित्याचा झाला होता. वसाहतीच्या पोलीस दलात इंग्रज अधिकारी, चिनी शिपाई आणि पंजाबातून आणलेले शीख शिपाई असत. १८८५ साली जन्मलेले फेअरबेर्न १९०७ मध्ये या दलात दाखल झाले. पुढे शस्त्रशिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

या दलाने अमेरिकेतील कोल्ट कारखान्याची दोन स्वयंभरण पिस्तुले स्वीकारली. पहिले ०.४५ इंच व्यासाच्या गोळीचे, १९११ सालच्या नमुन्याचे, दुसरे ०.३८० इंचाच्या गोळीचे, १९०८ सालच्या नमुन्याचे. दोन्हींची रचना एकाच माणसाची. अमेरिकेच्या यूटा प्रांतातील ऑग्डेन गावचे जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) यांच्याइतका कल्पक शस्त्ररचनाकार क्वचितच झाला असेल.

दोन भावंडांच्या स्वभावांत अंतर असावे, तसे या दोहोंत होते. मोठ्याचे वजन सुमारे ११०० ग्रॅम, धाकट्याचे सुमारे ६८० ग्रॅम. मॅगझिनमध्ये मात्र दोघांच्याही सात गोळ्या मावत. मोठ्या पिस्तुलाच्या काडतुसाचा जोर इतका, की गोळी सुटताना नळी व वरचे सरकते आवरण क्षणभर एकमेकांत अडकून राहतील आणि मागे सरकल्यावरच सुटतील, अशी योजना ब्राउनिंग यांना करावी लागली. धाकट्यात तिची गरज नव्हती. आवरणाचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढेच पुरे होई. मोठ्याच्या जन्मामागे सिंगापूरच्या शेजारचा इतिहास आहे. फिलिपाइन्समधील लढायांत आपल्या सैन्याची ०.३८ इंची रिव्हॉल्व्हरे चाल करून येणाऱ्या शत्रूला थोपवू शकत नाहीत, अशी तक्रार अमेरिकन अधिकाऱ्यांनी केली. त्यामुळे अधिक जड गोळीचा आग्रह धरला गेला आणि २९ मार्च १९११ रोजी त्या सैन्याने हे पिस्तूल अधिकृतपणे स्वीकारले.

शांघायमध्ये वाटणी अशी झाली की युरोपीय व शीख यांना मोठे पिस्तूल आणि चिनी शिपायांना धाकटे. कारण सांगितले जाई ते हाताच्या मापाचे. लहान पंजाला जाड मूठ नीट पेलत नाही, हे खरेच आहे. परंतु एका वर्गात चाळीस मुले बसली, तर चाळीस हात निराळे असतात, हे कोणत्याही शिक्षकास ठाऊक असते. लांब बोटांचा चिनी आणि आखूड बोटांचा इंग्रज शांघायमध्ये नसतील काय? माप हाताचे घ्यावयाचे, तर ते प्रत्येक हाताचे घेतले पाहिजे. येथे ते वंशावरून ठरविले गेले. वसाहतीच्या राज्यकारभाराची ही जुनी खोड होती.

मग श्रेष्ठ कोणते? फेअरबेर्न आणि त्यांचे सहकारी एरिक साइक्स यांनी १९४२ साली 'शूटिंग टु लिव्ह' हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. जवळजवळ दोनशे चकमकींचा अभ्यास त्यांच्या गाठीशी होता. जड गोळीने माणूस हमखास कोसळतो, या समजुतीला छेद देणारी एक हकीकत त्यांनी नमूद केली आहे. एका शीख शिपायाने पळणाऱ्या सशस्त्र गुन्हेगारावर मोठ्या व्यासाच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरमधून सहा गोळ्या झाडल्या. पाच लागल्या, तरी तो पळतच राहिला. शेवटी शिपायाने त्याला गाठून रिव्हॉल्व्हरच्या दस्त्याने त्याच्या डोक्यात प्रहार केला, तेव्हा तो पडला. पाचपैकी चार गोळ्या शरीराच्या आरपार गेल्या होत्या. गोळीच्या व्यासावर सर्वस्वी भरवसा ठेवणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

म्हणूनच फेअरबेर्न यांचे खरे कार्य पिस्तुलाच्या निवडीपेक्षा तालमीत दिसते. त्यांच्या पद्धतीत पिस्तुलाचा सुरक्षा-खटका कायमचा निकामी केला जाई आणि नळीत काडतूस ठेवले जात नसे. खटका खाली आहे की वर, हा गोंधळ प्रसंगी जिवावर बेततो. त्याऐवजी पिस्तूल बाहेर काढणे, आवरण मागे खेचून गोळी भरणे आणि नेम धरणे ही एकच सलग क्रिया हातवळणी पडेपर्यंत घोटून घेतली जाई. बहुतेक चकमकी अंधारात, अगदी जवळून आणि क्षणार्धात घडतात, हे जाणून त्यांनी सरावासाठी खास खोल्या रचल्या. अंधूक उजेड, जिने, अचानक पुढे येणाऱ्या आकृती यांमधून शिकाऱ्यास जावे लागे. परीक्षा ज्या परिस्थितीत द्यावयाची, तिच्यातच अभ्यास करून घ्यावा, हे तत्त्व आम्हांस अध्यापक विद्यालयात शिकविले गेले. ते या माणसाने शांघायच्या गल्ल्यांत शोधून काढले होते.

तथापि नेमबाजी शिकविल्याने सर्व काही साधत नाही. ३० मे १९२५ रोजी नानकिंग रस्त्यावरील पोलीस ठाण्यासमोर निदर्शकांचा जमाव लोटला. अधिकाऱ्याच्या हुकुमावरून शीख व चिनी शिपायांनी गोळीबार केला. किमान नऊ माणसे मृत्युमुखी पडली आणि साऱ्या चीनमध्ये संतापाची लाट उसळली. दरोडेखोरासमोर उपयोगी पडणारी घाई जमावासमोर घातक ठरली. यानंतर शांघायमध्ये खास राखीव पथक उभारण्यात आले आणि त्याच्या घडणीचे काम फेअरबेर्न यांच्याकडे सोपविले गेले.

सिंगापूरने हाच धडा उलट बाजूने घेतला. डिसेंबर १९५० मध्ये मारिया हर्टॉग या मुलीच्या ताब्याच्या खटल्यावरून दंगल पेटली, तेव्हा पोलिसांनी वेळीच पाऊल उचलले नाही. १८ माणसे मेली, १७३ जखमी झाली. चौकशी आयोगाने पोलीस नेतृत्वावर ठपका ठेवला. त्यानंतर ते लाल गाड्यांचे राखीव पथक निर्माण झाले. १२ मे १९५५ रोजी हॉक ली बस कंपनीच्या संपातून पुन्हा दंगल झाली आणि चौघांचा बळी गेला. त्या वेळी सिंगापूरचे मुख्यमंत्री होते डेव्हिड मार्शल, तेथील बगदादी यहुदी समाजाचे सुपुत्र. महायुद्धात स्वयंसेवक सैनिक म्हणून लढून त्यांनी जपान्यांची कैद भोगली होती. बळाचा वापर करण्यात ते फार मवाळ आहेत, अशी टीका त्यांच्यावर झाली. युद्ध पाहिलेल्या माणसाला हुकूम देताना हात आवरावासा वाटला, तर त्यात नवल कोणते?

एके ठिकाणी गोळी झाडल्याने अनर्थ झाला, दुसऱ्या ठिकाणी पोलीस स्वस्थ राहिल्याने. यांपैकी कोणताही अनर्थ मोठ्या किंवा धाकट्या कोल्टने टळला नसता. पिस्तुलाची निवड हाताच्या मापावरून, वजनावरून, कामावरून करता येते आणि ती विचारपूर्वक करावीच. पण ते केव्हा उपसावे आणि केव्हा म्यानातच राहू द्यावे, ही निवड शस्त्रागारात होत नाही. ती बुद्धी आधीच्या शिकवणीतून येते, आणि त्या शिकवणीचा आरंभ घरातून होतो. आपला मुलगा अथवा मुलगी सैन्यातून रजेवर घरी आली, की शस्त्र कोणते मिळाले हे आपण कौतुकाने विचारतो. ते कधी वापरू नये हे कोणी शिकविले काय, असेही त्यांना विचारावे.