पाण्याखालचा बाण : खांदेरी ते हजिरा



काही वर्षांपूर्वी मराठ्यांच्या आरमाराचा धडा शिकवीत असताना एका मुलाने मला विचारले, ‘‘सर, दिवाळीतला बाण ओला झाला की पेटत नाही. मग पाणबुडीतून पाण्याखालून क्षेपणास्त्र कसे सुटते?’’ प्रश्न विज्ञानाचा आणि मी इतिहासाचा शिक्षक. त्या दिवशी मी निरुत्तर झालो. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या मुलाला उशिराने दिलेले उत्तर आहे. गोडादऱ्यासारख्या कामगारवस्तीत हा विषय का निवडला, हे शेवटी ध्यानात येईल.

आरंभ धड्यापासूनच करू. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. ते थांबविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी जहाजे पाठविली. या इंग्रजांचे वरिष्ठ त्या काळी आपल्या सुरतेच्या वखारीत बसत. ऑक्टोबरातील लढाईत ‘डोव्हर’ हे इंग्रजांचे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. परंतु बेट टिकले ते केवळ या लढाईमुळे नव्हे. रात्रीच्या अंधारात इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून लहान होड्या बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या, म्हणून ते टिकले. बलाढ्य शत्रूसमोर दुर्बलाचे पहिले शस्त्र म्हणजे दृष्टीस न पडणे. पाणबुडीचे सारे शास्त्र या एका सूत्रावर उभे आहे.

मात्र पाणबुडीला फार काळ एक उणीव होती. पाणतीर सोडायचा तर तिला शत्रूच्या जहाजाजवळ जावे लागे, आणि दूरचे अस्त्र सोडायचे तर पाण्यावर यावे लागे. वर आली की ती दिसे. १९४२ साली जर्मनांनी ‘यू-५११’ या पाणबुडीतून सुमारे १२ मीटर खोलीवरून लहान अग्निबाण सोडून पाहिले. प्रयोग साधला, पण युद्धात त्याचा उपयोग झाला नाही. १९५५ साली सोव्हिएत पाणबुडीतून बॅलिस्टिक क्षेपणास्त्र उडाले, तेही पाण्यावर येऊनच. खरा टप्पा गाठला गेला २० जुलै १९६० रोजी. त्या दिवशी अमेरिकेच्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या अणुपाणबुडीने पाण्याखाली राहून सुमारे २,२०० किलोमीटर पल्ल्याची दोन ‘पोलारिस’ क्षेपणास्त्रे सोडली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. उत्तर असे की, बहुतेक वेळा बाण पाण्यात पेटतच नाही. पाण्याबाहेर आल्यावर तो पेटतो. क्षेपणास्त्र एका उभ्या, हवाबंद नळीत कोरडे ठेवलेले असते. सोडण्यापूर्वी नळीतील दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतका करतात, म्हणजे वरचे जड झाकण उघडता येते. झाकण उघडले तरी एक पातळ पडदा पाणी अडवून धरतो. मग नळीच्या तळाशी वायू किंवा वाफ प्रचंड दाबाने निर्माण केली जाते आणि तिच्या रेट्याने क्षेपणास्त्र पडदा फोडून वर फेकले जाते. फुंकनळीतून फुंकरीने खडा उडावा तसा हा प्रकार आहे. वायूच्या बुडबुड्यासह ते पृष्ठभाग भेदते आणि मग त्याचे इंजिन पेटते. सोव्हिएत तंत्रज्ञांनी काही क्षेपणास्त्रांत पाण्याने भरलेल्या नळीतच इंजिन पेटविण्याचा अवघड मार्गही यशस्वी केला होता.

इकडे पाणबुडीत निराळीच धांदल असते. कित्येक टनांचे ओझे क्षणात निघून गेल्याने ती हलकी होऊन वर उचलली जाऊ पाहते. रिकाम्या नळीत पाणी शिरते. उरलेला फरक टाक्यांतील पाण्याने भरून तोल सांभाळावा लागतो. नेम धरायचा तर आधी स्वतःचे ठिकाण अचूक ठाऊक हवे. खोल पाण्यात उपग्रहाचे संदेश पोहोचत नाहीत. म्हणून पाणबुडीतील उपकरणे तिच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवून ठिकाण काढीत राहतात.

दुसरी रीत आडवी आहे आणि ती आपल्या मुंबईच्या माझगाव गोदीशी जोडलेली आहे. १९९२ साली नौदलात आलेली ‘शाल्की’ ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी याच गोदीतली. पुढे तेथेच बांधलेल्या ‘कलवरी’ने २ मार्च २०१७ रोजी अरबी समुद्रात पाण्याखालून जहाजभेदी क्षेपणास्त्र सोडले. येथे क्षेपणास्त्र एका कुपीत बंद असते. पाणतिराच्या ५३३ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून ती कुपी बाहेर पडते, पाण्याबाहेर डोके काढते, तिचे टोपण उडते आणि आतले क्षेपणास्त्र लाटांना लगटून लक्ष्याकडे धावते. त्याच वर्गातील दुसरी पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. तिचे नाव ‘खांदेरी’. अंधारात रसद नेणाऱ्या त्या होड्यांचा वारसा अशा रीतीने समुद्राच्या पोटात उतरला.

आता उभ्या नळ्यांची गोष्ट. ती आपल्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, तापीच्या मुखाशी घडली. ‘अरिहंत’ या पहिल्या भारतीय बनावटीच्या अणुपाणबुडीच्या कवचाचे भाग हजिऱ्याच्या लार्सन अँड टुब्रो कारखान्यात तयार झाले आणि विशाखापट्टणमला जोडले गेले. २६ जुलै २००९ रोजी तिचे जलावतरण झाले. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी तिने बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्र यशस्वीपणे सोडले.

कवचाचे काम म्हणजे काय, याचा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडतो. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. १०० मीटरवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १०० टनांचा भार पडतो. जोडकामातील केसाएवढी चीर आतल्या सगळ्यांच्या जिवावर बेतू शकते. क्षेपणास्त्र सोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या बोटाइतकाच भरवसा वेल्डरच्या हातावर ठेवावा लागतो.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या गोदीत उभ्या असलेल्या ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत शस्त्रसाठ्याचे स्फोट झाले आणि १८ नौसैनिक मृत्युमुखी पडले. त्या वेळी समोर शत्रू नव्हता. अस्त्र बाळगणाऱ्यालाही अस्त्राची किंमत मोजावी लागते. अण्वस्त्राची किंमत तर मोजताच येणार नाही. अण्वस्त्रांचा प्रथम वापर करणार नाही, हे धोरण भारताने २००३ साली अधिकृतपणे मांडले. पहिला घाव सोसूनही उत्तर देता यावे यासाठी कुणाला न दिसणारी पाणबुडी हवी, असा त्यामागचा विचार. म्हणजे ‘अरिहंत’चे अस्त्र कधीही सुटले नाही, तरच ती यशस्वी झाली असे म्हणावयाचे. तरीही ही शांतता भयावर उभी आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. तिला मी विजय म्हणणार नाही; तिला मी जबाबदारी म्हणेन.

मित्रहो, खांदेरीच्या लढाईतील सरदारांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. रात्री होड्या वल्हवणाऱ्यांची नाहीत. पाणबुडीच्या इतिहासातही कप्तानांची आणि मंत्र्यांची नावे येतील. कवच वाकविणारे, सांधणारे, तपासणारे हात मात्र अनाम राहतील. खानदेशातून पोटासाठी सुरतेत आलेल्या आणि कारखान्यांतून राबलेल्या पिढीची मुले आज या सभागृहात बसली आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे की, घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या कामाविषयी विचारा आणि ते सांगतील ते वहीत लिहून ठेवा. गोपनीय ते गोपनीयच राहो. पण श्रमाची कहाणी गोपनीय नसते. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांना याहून उचित आदरांजली मला सुचत नाही.