अँटेना गेला, आता डिश : जुन्या टीव्हीवर दूरदर्शन फुकटात कसं लावायचं? वाचा सविस्तर

आपल्या भागात फिरताना अजूनही काही माळवदांवर, पत्र्यांवर अॅल्युमिनिअमच्या काड्यांचा अँटेना उभा दिसतो. खाली घरात मात्र टीव्हीवर नुसत्या मुंग्या. माणसं वर चढतात, पाइप फिरवतात, वायर बदलतात आणि शेवटी टीव्ही बिघडला म्हणून तो कोपऱ्यात ठेवून देतात. टीव्ही बिघडलेला नसतो. जिथून चित्र यायचं ते टॉवरच बंद झालेत.

आमच्या घरी हेच झालं. आईला संध्याकाळच्या बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम लागतोच. टीव्ही चांगला होता, पण दोन मेकॅनिक येऊन गेले आणि एकानं तर पिक्चर ट्यूब गेली म्हणून सांगितलं. ट्यूब अजून तीच आहे, टीव्ही चालू आहे. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं.

नेमकं काय बंद झालं?

देशात टीव्ही आला तो १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हापासून घरावरच्या अँटेन्यात जे चित्र यायचं ते अॅनालॉग. त्यात सिग्नल कमी झाला की चित्र पुसट व्हायचं, मुंग्या यायच्या, पण काहीतरी दिसायचं. डिजिटलमध्ये चित्र आकड्यांच्या रूपात येतं. सिग्नल पुरेसा असला की चित्र आरशासारखं स्वच्छ. कमी पडला की चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो आणि मग एकदम काळी पाटी. मधलं काही नाही.

अॅनालॉगच्या एका टॉवरवरून एका लहरीवर एकच चॅनेल जायचं. डिजिटलमध्ये तेवढ्याच जागेत कितीतरी चॅनेल बसतात. यंत्रं जुनी झाली होती, विजेचा खर्च होता आणि मोबाइलसाठी लहरींची जागाही हवी होती. म्हणून प्रसार भारतीनं हे टॉवर टप्प्याटप्प्यानं बंद केले. मार्च २०२२ पर्यंत सीमाभागातली आणि मोक्याच्या ठिकाणची जवळपास ५० केंद्रं सोडून बाकी बहुतेक सगळी बंद करायचं ठरलं होतं.

केबलचं डिजिटल होणं ही वेगळी गोष्ट, लोक दोन्हीत गल्लत करतात. त्यासाठी २०११ मध्ये कायदा बदलला. मुंबईसारखी महानगरं २०१२ मध्ये, मोठी शहरं २०१३ मध्ये आणि आपली खेडी सगळ्यात शेवटी, ३१ मार्च २०१७ च्या मुदतीपर्यंत. तुमच्याकडे केबल असेल तर ऑपरेटरनं बॉक्स दिलेला असणारच, तुम्हाला वेगळं काही करायचं नाही. महिन्याचं बिल मात्र मागून घ्यायचं.

महिन्याला पैसे द्यायचे नसतील तर

त्यासाठी दूरदर्शनची डीडी फ्री डिश आहे. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झाली. छोटी डिश आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, साधारण दोन हजारांपर्यंतचं काम. त्यानंतर रिचार्ज नाही, भाडं नाही, वर्षाची वर्गणी नाही.

हे ठळक सांगायचं कारण म्हणजे खेड्यात नेमकी इथंच फसवणूक होते. "फ्री डिश बंद होणार आहे, केवायसी करा", "वर्षाचा रिचार्ज संपलाय" असे फोन म्हाताऱ्या माणसांना येतात. फ्री डिशला रिचार्जच नाही, मग संपेल कुठून? ओटीपी मागितला तर सरळ फोन ठेवून द्या. आमच्याच गल्लीत एका आजोबांकडून दुकानदारानं दोन वर्षं "रिन्यूअल"चे पैसे घेतले. आजोबांना अजून वाटतं, तो माणूस भला आहे, घरी येऊन पैसे नेतो.

मोफत बॉक्सचंही असंच. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं प्रसारण सुधारण्याची बाइंड नावाची योजना मंजूर केली. त्यात दुर्गम, आदिवासी, सीमेवरच्या आणि नक्षलग्रस्त भागांत ८ लाखांहून जास्त बॉक्स मोफत वाटायचं ठरलं. ही योजना सरसकट सगळ्यांसाठी नाही. फॉर्म भरून देतो म्हणून कुणी शंभर-दोनशे मागितले तर देऊ नका.

डिश कुठं तोंड करून लावायची

इथं जरा सावकाश वाचा, कारण निम्म्या डिशा इथंच फसतात.

फ्री डिशचा सिग्नल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतो. तो विषुववृत्ताच्या वर, पूर्वेला ९३.५ अंशांवर आहे. आपल्याकडून बघितलं तर तो आग्नेयेला दिसतो, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मधोमध. वास्तूवाले स्वयंपाकघर सांगतात ती दिशा. मोबाइलच्या होकायंत्रात १३५ अंशांच्या आसपास बघा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ती थोडी दक्षिणेला सरकते, कोकणात थोडी पूर्वेला. होकायंत्र लोखंडी पाइपाजवळ धरू नका, ते खोटं दाखवतं. पाच-सहा पावलं लांब उभं राहून दिशा धरा आणि समोरचं एखादं झाड किंवा विजेचा खांब खूण म्हणून लक्षात ठेवा.

शेजाऱ्याची डिश बघून तशीच लावू, असं बरेच जण करतात. शेजाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन असेल तर त्याचा उपग्रह वेगळा असू शकतो. त्याच्याकडे फ्री डिशच असेल तर मात्र खुशाल बघून लावा.

उंची साधारण ६० अंश लागते, म्हणजे बरीच वर. पण आपल्या छोट्या डिशची घडण अशी असते की ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त वर बघत असते. म्हणून डिश आभाळाकडे उताणी करायची नाही, बऱ्यापैकी उभीच ठेवायची. नवीन माणूस हमखास चुकतो तो इथं.

पाइप ओळंब्यात हवा. गवंड्याचा ओळंबा लावून बघा, नसेल तर दोरीला दगड बांधा. पाइप तिरका असला की डिश फिरवताना उंचीपण बदलत जाते आणि दिवसभर सापडत नाही. जुन्या अँटेन्याचा पाइप मजबूत असेल तर तोच वापरा.

समोर झाड नको. लिंब, नारळ, आंबा, काहीही. पानांतून सिग्नल येत नाही. लावताना दोन फूट खाली असलेलं झाड तीन पावसाळ्यांनी आडवं येतं आणि मग लोक बॉक्स बदलतात. याला एक सोपी युक्ती आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आभाळात उपग्रहाच्या जागीच येतो. तेव्हा डिशवर झाडाची सावली पडत असेल तर झाड आडवं आहे. त्याच दिवसांत त्याच वेळेला काही मिनिटं चित्र जाऊ शकतं. तो बिघाड नाही, आपोआप येतं.

वायर आणि बॉक्स

डिशच्या दांड्याच्या टोकाला असतो तो एलएनबी. तिथून बॉक्सपर्यंत एकच सलग वायर टाका, मधे जोड नको. पिन बसवताना जाळीची एकसुद्धा बारीक तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकता कामा नये, टेकली की शॉर्ट. जोडताना बॉक्सचा प्लग काढलेला असू द्या. घरात शिरायच्या आधी वायरीला खाली झोळ द्या, नाहीतर पावसाचं पाणी वायरीवरून थेट बॉक्सपर्यंत येतं.

बॉक्सच्या मेनूत उपग्रह निवडताना डीडी फ्री डिश किंवा जीसॅट १५ बघा. जुन्या बॉक्समध्ये इनसॅट ४बी लिहिलेलं असतं, तेही चालतं, दोघांची जागा तीच. एलएनबीच्या ठिकाणी युनिव्हर्सल, ९७५०/१०६००.

मग पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथकडे बघून खूश होऊ नका, ती डिश भलतीकडे असतानाही भरलेली दिसते. क्वालिटीची पट्टी हलली तरच उपग्रह सापडला. एकानं वर राहायचं, एकानं टीव्हीसमोर. ओरडण्यापेक्षा व्हिडिओ कॉल लावून पट्टीच दाखवा. डिश बोटाच्या पेराएवढी हलवायची, दोन-तीन सेकंद थांबायचं, परत हलवायची. घाईत फिरवली की उपग्रह येऊन निघूनही जातो. क्वालिटी आली की एलएनबी त्याच्या खोबणीत हळूहळू फिरवून बघा. आपल्याकडे तो सरळ न राहता बराच तिरका बसतो. सगळ्यात जास्त क्वालिटी येईल तिथं नट आवळा. आवळतानाही पट्टीवर लक्ष ठेवा, शेवटच्या आट्याला डिश सरकते.

जुनी खासगी कंपनीची डिश गंजलेली नसेल तर ती आणि तिचा एलएनबी बहुतेक वेळा चालतो, बॉक्स मात्र फ्री डिशचाच लागतो. नवा घेत असाल तर एमपीईजी-४ वाला घ्या, त्यात जास्त चॅनेल येतात.

मोठ्या डब्याच्या टीव्हीला मागं पिवळं, पांढरं, लाल अशी भोकं असतात, तीन पिनांची वायर तिथं बसते. फार जुन्या टीव्हीला नुसतं अँटेन्याचंच भोक असतं. त्याला आरएफ मॉड्युलेटर नावाची छोटी डबी लागते, इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात विचारा. टीव्ही भंगारात काढायची गरज नाही.

लावून झाल्यावरची तक्रार

आता खरी कटकट. जुन्या टीव्हीला एकच बटण होतं. आता दोन रिमोट आले. आईनं टीव्हीच्या रिमोटवर चुकून काहीतरी दाबलं की "नो सिग्नल", आणि मी रानात पाणी धरत असताना फोन. दहातल्या आठ वेळा टीव्ही एव्हीवरून हललेला असतो, एवढंच. मी शेवटी टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंद सोडून बाकी बटणांवर चिकटपट्टी मारली आणि बॉक्सच्या रिमोटला लाल दोरा बांधला. सह्याद्रीचा आणि डीडी किसानचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहिला. त्यानंतर फोन कमी झाले. तुमच्या घरी म्हातारं माणूस असेल तर डिश लावून लगेच निघून जाऊ नका, त्यांच्या हातात रिमोट देऊन पाच-सहा वेळा त्यांनाच लावू द्या.

दुसरी तक्रार चॅनेल गायब झाल्याची. खासगी चॅनेलना फ्री डिशवरची जागा लिलावात घ्यावी लागते आणि बहुतेक जागांची मुदत ३१ मार्चला संपते. म्हणून १ एप्रिलला काही चॅनेल जातात, काही नवी येतात, काहींचे नंबर बदलतात. बॉक्सच्या मेनूत जाऊन ऑटो स्कॅन करायचं, पाच मिनिटांचं काम आहे. यासाठी कुणी तीनशे रुपये घेत असेल तर देऊ नका, शाळेतलं पोरगंसुद्धा करून देईल.

जोराच्या पावसात चित्र जाणारच, ढग सरले की येतं. विजा कडकडायला लागल्या तर मात्र टीव्ही आणि बॉक्स दोन्हीचे प्लग काढा, डिशची वायरपण बॉक्समधून काढून बाजूला ठेवा. आणि पत्र्यावर चढायचं काम पाऊस उघडल्यावर, पत्रा वाळल्यावरच करा.