प्रतिविषाचा प्रवास

सर्पदंशावर उतारा शोधण्याची माणसाची खटपट फार जुनी आहे. मंत्र झाले, मुळ्या झाल्या, दंशाची जागा कापणे आणि डागणे झाले. जोसेफ फेअरर या इंग्रज शल्यवैद्याने १८७२ साली भारतातील विषारी सर्पांवर मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पण अनेक उपाय पारखूनही गुणकारी उतारा त्याला सापडला नव्हता.

सायगाव येथे नागाच्या विषाचा अभ्यास आरंभणाऱ्या आल्बेर काल्मेत या फ्रेंच वैद्याने १८९४ साली पॅरिसमध्ये नवी वाट दाखविली. जनावराला विषाची मात्रा वाढवीत नेत टोचली, तर त्याच्या रक्तात विषाला मारक असे द्रव्य उत्पन्न होते. हेच प्रतिविष. मात्र नागावरील हे औषध सर्वच सर्पांवर चालेल, अशी काल्मेतची समजूत होती.

ती खोटी ठरविण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. परळची जी प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते, तेथे जॉर्ज लँब याने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोग केले. नागाचे विष श्वास बंद पाडते, तर घोणशीचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करते. आणि एकावरचे औषध दुसऱ्यावर निरुपयोगी ठरते. या बोधातूनच पुढे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर एकत्रित प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून सिद्ध होऊ लागले.

औषध झाले, मृत्यू मात्र थांबले नाहीत. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील असून त्यांना मृत्यू आला तो रुग्णालयाबाहेर. मांत्रिकाच्या दारात गेलेले तास कोणतेही औषध परत देत नाही.

रुग्णालयातही विवेक हवाच. प्रत्येक दंशात विष भिनतेच असे नाही. लक्षणे नसता प्रतिविष देणे व्यर्थ आणि कधी धोक्याचेही. स्वच्छ, कोरड्या काचनळीत रुग्णाचे थोडे रक्त वीस मिनिटे ठेवावे. ते गोठले नाही, तर रक्तात विष भिनले असे समजावे. बालकालाही मात्रा प्रौढाइतकीच द्यावी लागते, कारण सर्प लहान-मोठा पाहून विष ओतीत नाही. तीव्र प्रतिक्रिया उद्भवल्यास अ‍ॅड्रेनालिन हाताशी असावे.

लँबचा धडा तर आजही संपलेला नाही. प्रतिविषासाठी लागणारे बरेचसे विष तामिळनाडूतील इरुळा सर्पमित्रांच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. परंतु एकाच जातीच्या सर्पाचे विष प्रदेशागणिक बदलते. त्यामुळे राजस्थानातील फुरशावर किंवा ईशान्येकडील नागावर हे औषध तितके प्रभावी ठरत नाही. त्या त्या प्रदेशातील विषावर बेतलेले प्रतिविष हवे, ते याचसाठी.

हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा संकल्प भारत सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृतियोजनेद्वारे सोडला. काल्मेतने औषध दिले, लँबने त्याची मर्यादा दाखविली. आता उरले आहे ते तालुक्याच्या दवाखान्यातील कपाटापर्यंतचे आणि तेथून रुग्णाच्या शिरेपर्यंतचे अंतर.