ऑपरेशनचा निर्णय 'रात्रभर विचार करून' घ्यावा का?

गुडघा बदलायचा का, असे विचारले की अनेक रुग्ण म्हणतात, "डॉक्टर, उद्या सांगतो." आपण झोपेत किंवा दुसऱ्या कामात असताना मन आतल्या आत निर्णय पक्का करते का?

संशोधन काय सांगते?
नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ आप डाइक्स्टरहाउस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना चार मोटारींची माहिती दिली. काहींना चार मिनिटे विचार करू दिला, तर काहींना शब्दकोड्यांत गुंतवले. प्रत्येक मोटारीची १२ वैशिष्ट्ये सांगितली, तेव्हा कोडी सोडवणाऱ्यांची निवड अधिक चांगली ठरली. जाणीवपूर्वक विचारात एका वेळी थोडेच मुद्दे मावतात, नेणीव मात्र अनेक मुद्दे एकत्र तोलते, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या फेरतपासणीत हा फायदा दिसला नाही.

मग काय करावे?
- एक-दोन दिवस जरूर घ्या. घाबरलेपणा कमी होतो, घरच्यांशी बोलता येते.
- फायदे, धोके, खर्च आणि ऑपरेशन न केल्यास काय होईल, हे कागदावर लिहा. नुसत्या 'आतल्या आवाजावर' विसंबू नका.
- शंका उरल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

केव्हा थांबू नये?
छातीत दाब येणे, तोंड वाकडे होणे, अचानक हात-पाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालयात जा.