घरमालकाचा हिशेब आणि भाडेकरूचें गाऱ्हाणें

अल्प भाड्यानें गरिबांस घरें देणाऱ्या संस्थांवर कोणी लक्ष ठेवावें, आणि कोणाच्या वतीनें ठेवावें? इंग्लंडांत या प्रश्नाचें उत्तर ज्या क्रमानें मिळत गेलें, तो क्रम मोठा उद्बोधक आहे.

आरंभीं हें कार्य धर्मादायाचें होतें. १८६२ सालीं जॉर्ज पीबॉडी या अमेरिकन व्यापाऱ्यानें लंडनच्या गरिबांसाठीं निधि दिला. १८६४ मध्यें त्यांतून स्पिटलफील्ड्स येथें पहिली इमारत उभी राहिली. पुढें सरकारी पैसा आला, आणि त्याच्या मागोमाग तपासनीस आला. १९६४ च्या कायद्यानें हाउसिंग कॉर्पोरेशन स्थापन झालें. १९७४ च्या कायद्यानें अशा संस्थांस भरघोस अनुदान खुलें झालें व त्यासाठीं नोंदणी आवश्यक ठरली. १९८८ च्या कायद्यानंतर खासगी कर्जाचा ओघ वाढला. जो पैसा देतो तोच प्रश्न विचारतो, हा जगाचा न्यायच आहे. त्यामुळें संस्था सुस्थितींत आहे काय, हा प्रश्न पुढें आला; छप्पर गळतें काय, हा मागें पडला.

२००८ च्या कायद्यानें भाडेकरूंच्या नांवाचें स्वतंत्र खातें निघालें खरें. पण २०१२ सालीं तें मोडण्यांत आलें. शिवाय २०११ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, भाडेकरूंची गंभीर हानि झाल्याचें वा होण्याचा संभव असल्याचें दिसल्यावांचून नियामकानें घराच्या दर्जासंबंधीं हात घालूं नये. म्हणजे रोग बळावेपर्यंत वैद्यानें उंबऱ्याबाहेरच थांबावें!

१४ जून २०१७ रोजीं लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसें मेलीं. रहिवाशांनीं धोक्याची सूचना आधींच दिली होती. डिसेंबर २०२० मध्यें रॉचडेल येथें घरांतील बुरशीमुळें दोन वर्षांचें मूल दगावलें. त्याच्या बापानें २०१७ पासूनच गाऱ्हाणें मांडलें होतें. या अनर्थांचा दोष एकट्या नियामकाचा नव्हे. परंतु भाडेकरूचा आवाज किती दूरवर जात होता, हें त्यांतून उघड झालें.

२०२३ च्या कायद्यानें ती जुनी अट काढून टाकली. १ एप्रिल २०२४ पासून हजारांहून अधिक घरें असलेल्या संस्थांची व नगरपालिकांची सुमारें चार वर्षांतून एकदां तपासणी होते, आणि भाडेकरूंशीं असलेल्या वर्तनाबद्दल त्यांस चारपैकीं एक श्रेणी मिळते. व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा मात्र नियामक करीत नाहीं. तें काम गृहनिर्माण लोकपालाचें. ऑक्टोबर २०२५ पासून तातडीचा धोका चोवीस तासांत दूर करण्याचें बंधनही मालकांवर आलें आहे.

कोणी म्हणेल, तपासणीवर खर्चिलेल्या पैशांत आणखी घरें झालीं असतीं. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. हिशेब पाहणेंही निरर्थक नव्हे, कारण संस्था बुडाली तर भाडेकरूच प्रथम भरडला जाईल. परंतु सावकारास व्यवहार न पटला तर तो दुसरें दार ठोठावूं शकतो; गरीब भाडेकरूस दुसरें दार नसतें. बाजारानें त्याला जें बळ दिलें नाहीं तें कायद्यानें द्यावयाचें, हेंच अशा देखरेखीचें खरें प्रयोजन होय. तें कळावयास इंग्लंडास बरीच वर्षें आणि फार मोठें मोल द्यावें लागलें.